जुन्या मोटारीचें नवें बळ

मनुष्यास वार्धक्य आलें म्हणजे तो काठी घेतो, चष्मा लावतो, आणि फार झालें तर वैद्याकडून एखादें रसायन आणून दुधाबरोबर घेऊं लागतो. त्याचे हातपाय पुन्हां पंचविशीचे व्हावेत अशी खटपट घरांतील मंडळी करीत नाहींत. मोटारीच्या बाबतींत मात्र हल्लीं निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. बारा-चौदा वर्षें वापरलेली, परंतु एके काळीं मोठ्या दिमाखानें मिरविलेली भारी किंमतीची गाडी दारांत उभी असली, कीं तिच्या एंजिनाची शक्ति वाढवून ती नवी होती त्याहूनही जोरकस करावी अशी इच्छा तरुण मंडळींच्या मनांत उत्पन्न होते. आणि ती पुरी करून देणारीं दुकानेंही पुण्यामुंबईस पुष्कळ निघालीं आहेत. हा खर्च करण्याजोगा आहे कीं नाहीं, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्या एकत्र कुटुंबांत उपस्थित झाला आणि वडीलकीच्या नात्यानें निर्णय आम्हांवर येऊन पडला. आम्ही वाईस तीस वर्षें संस्कृत व गणित शिकविलें. यंत्रविद्या आमचा विषय नव्हे. परंतु त्रैराशिक येतें, प्रश्न विचारतां येतात, आणि उत्तर मिळेपर्यंत खडू खालीं न ठेवण्याची जुनी खोड अद्याप गेलेली नाहीं. त्या शोधांत जें हातीं आलें तें येथें मांडतों. अशा गाड्या दारांत असलेल्या इतर घरांस त्याचा कांहीं उपयोग होईल.

गाडी आमच्या धाकट्या बंधूंची. त्यांनीं ती २०१२ सालीं नवी घेतली. जर्मन बनावट, तीन लिटरचें सहा सिलिंडरांचें डिझेल एंजिन, दोनशें चाळिसांच्या आसपास अश्वशक्ति, चारही चाकांस गति, आणि आंत बसून दार लावलें म्हणजे रस्त्यावरचा गोंगाट एकदम बंद. अशा उंच, दणकट व ऐषआरामी वाहनास एस्‌यूव्ही म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या घरीं तिला नुसतें 'मोठी गाडी' म्हणतात. बंधु चार वर्षांपूर्वीं निवर्तले. गाडी त्यांच्या चिरंजीवाकडे, म्हणजे आमच्या पुतण्याकडे आली. तोंवर तिचें एक लाख साठ हजार किलोमीटर चालणें झालें होतें. आमच्या भावजयींना दर पंधरवड्यास औषधोपचारासाठीं पुण्यास न्यावें लागतें, आणि तें काम याच गाडीचें. आसन उंच, धक्के कमी. दुसऱ्या गाडींतून त्यांस तो प्रवास सोसवत नाहीं.

एके दिवशीं पुतण्या आमच्याकडे एक कागद घेऊन आला. पुण्यांतील एका दुकानाचें तें दरपत्रक होतें. एंजिनाच्या संगणकाचें 'रीमॅप' करण्यास पासष्ट हजार रुपये. त्याबरोबर मोकळी धूरनळी व खेळाच्या गाड्यांस लावतात तसलें हवेचें फिल्टर घेतल्यास आणखी चाळीस. शक्ति शेंकडा पंचवीस वाढेल असा अंदाज. "काका," तो म्हणाला, "बाबा चालवायचे तेव्हां ही गाडी पसरणीचा घाट हसत चढायची. आतां धापा टाकते. पूर्वीसारखी करून घेऊं या." या बोलण्यांत गाडीविषयीं जितकें होतें तितकेंच दुसऱ्या कशाविषयीं तरी होतें, हें आमच्या ध्यानांत आलें. म्हणून आम्ही तो कागद परत केला नाहीं आणि 'नाहीं' असेंही म्हटलें नाहीं. विचार करण्यास एक महिना मागून घेतला.

आतां हें शक्ति वाढविणें म्हणजे काय तें पाहूं. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्यानें इतकी दाबली जाते कीं त्या दाबानेंच ती भयंकर तापते, आणि तींत फवारलेलें तेल आपण होऊन पेट घेतें. रुडॉल्फ डिझेल यानें १८९२ सालीं या कल्पनेच्या हक्कासाठीं अर्ज केला आणि १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें त्याचें यंत्र समाधानकारक रीतीनें चाललें. जितकें तेल अधिक तितकी शक्ति अधिक, इतका हा सरळ मामला आहे. परंतु तेल जळण्यास हवा लागते, आणि हवा अपुरी पडली कीं अर्धवट जळलेलें तेल काळा धूर होऊन बाहेर पडतें. याजवर आल्फ्रेड ब्यूशी नांवाच्या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं एक युक्ति नोंदविली. बाहेर जाणाऱ्या तप्त धुरानें एक चक्र फिरवावें, आणि त्याच आंसावरच्या दुसऱ्या चक्रानें ताजी हवा सिलिंडरांत कोंबावी. लोहाराचा भाता त्याच्याच भट्टीच्या धुरानें चालावा तसला हा प्रकार. यालाच टर्बो म्हणतात. त्याचे फेरे मिनिटास लाखाच्या घरांत जातात, आणि एवढ्या वेगाचा तो आंस नुसत्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हें वाचल्यापासून एंजिनाचें तेल वेळेवर बदलण्याबद्दल आम्ही घरांत जरा अधिकच बोलूं लागलों आहों, अशी कुरकुर ऐकूं येते.

कोणत्या क्षणीं किती तेल फवारावें आणि भाता किती फुगवावा हें ठरविणारा एक लहानसा संगणक गाडींत असतो. त्याच्या स्मरणांत कोष्टकें भरलेलीं असतात. म्हणजे अंकलिपीच म्हणाना. इतक्या फेऱ्यांस, इतकें पायडल दाबल्यास, इतकें तेल. 'रीमॅप' करणारा मनुष्य सुकाणूचक्राखालच्या खोबणींत तार जोडून हीं कोष्टकें वाचून घेतो, त्यांतील आंकडे वाढवितो, आणि नवें कोष्टक जुन्याच्या जागीं लिहून ठेवतो. पान्हा हातांत धरावा लागत नाहीं. टर्बो असलेल्या डिझेल एंजिनांत या रीतीनें शेंकडा वीस ते तीस शक्ति वाढते हें खरें आहे. त्यांत फसवणूक नाहीं. टर्बो नसलेल्या पेट्रोल एंजिनांत मात्र भाताच नसल्यामुळें वाढ अगदीं थोडी होते, आणि खर्चाच्या मानानें आवाज तेवढा पुष्कळ वाढतो.

व्याकरणाचा अभ्यास केलेल्यांस येथें आगम व आदेश यांतील भेद आठवेल. आगम हा मूळ वर्णाशेजारीं मित्रासारखा येऊन बसतो. आदेश शत्रूसारखा येतो आणि मूळ वर्णास हांकलून त्याची जागा घेतो. गाडी विकणारे व गाडी सजविणारे या सर्व सुधारणांस आगमासारखे सांगतात, जणूं आहे त्यांत भर पडत आहे. रीमॅप हा आदेश आहे. मूळ कोष्टक त्या जागेवरून जातें, आणि त्या कोष्टकाबरोबर तें करणाऱ्यांनीं आंखलेली मर्यादाही जाते.

ही मर्यादा कारखानदारानें कां ठेविली असावी? आळसानें खास नव्हे. तीच गाडी एकास जैसलमेरच्या उन्हाळ्यांत चालवावयाची असते आणि दुसऱ्यास साडेतीन हजार मीटर उंचीच्या लेहला. तेल कोणत्या प्रतीचें मिळेल तें ठाऊक नसतें. मालक फिल्टर वेळेवर बदलील याचीही हमी नसते. शिवाय एंजिनानें निर्माण केलेलें बळ पुढें गिअरपेटी, आंस व सांधे यांनीं सोसावयाचें असतें. या सर्वांसाठीं मधें कांहीं जागा मोकळी सोडलेली असते. पोळ्यांची कणीक मळतांना घरांतील बायका दोन पाहुण्यांचा हिशेब मनांत धरतात तशीच. पुण्याच्या दुकानदारानें पुतण्यास सांगितलें होतें कीं २०१२ सालीं डिझेल वाईट होतें, आतां चांगलें मिळतें, तेव्हां ती मोकळी जागा वापरण्यास हरकत नाहीं. यांतील पूर्वार्ध खरा आहे. १ एप्रिल २०१० पासून पुण्यासह तेरा शहरांत भारत स्टेज चारचें डिझेल आलें, त्यांत गंधक दशलक्षांत पन्नास भाग. इतरत्र बहुतेक ठिकाणीं तीनशें पन्नास भागांचें चालूं राहिलें. २०१७ सालीं पन्नासाचें सर्व देशभर झालें, आणि १ एप्रिल २०२० पासून दहा भागांचें. परंतु गंधक कमी झाल्यानें धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेस व एंजिनाच्या तेलास आराम मिळतो. तेलाचा जोर वाढत नाहीं. डिझेल किती तत्परतेनें पेट घेतें हें सांगणारा सीटेन अंक तिन्ही मानकांत किमान ५१ हाच आहे.

कारखानदारांनीं स्वतः जेव्हां शक्ति वाढविली तेव्हां काय केलें, हें पाहणें आम्हांस अधिक उद्बोधक वाटलें. बीएमडब्ल्यूच्या २००७ सालच्या एक्स-५ गाडींत २,९९३ घनसेंटिमीटरच्या एकाच डिझेल एंजिनाचीं दोन रूपें मिळत. एक २३५ अश्वशक्तीचें, दुसरें २८६ चें. म्हणजे वाढ शेंकडा एकवीस-बावीस, दुकानदार सांगतो त्याच्या जवळपास. परंतु त्या वाढीसाठीं त्यांनीं नुसते आंकडे बदलले नाहींत. एका टर्बोच्या जागीं दोन बसविले. रेंज रोव्हरची हकीकत याहून लांबलचक आहे. १९७० सालीं ही गाडी निघाली तेव्हां तींत ३,५२८ घनसेंटिमीटरचें आठ सिलिंडरांचें ॲल्युमिनियमचें एंजिन होतें. तें मुळांत अमेरिकेच्या ब्यूइकचें. रोव्हरनें १९६५ सालीं त्याचे हक्क घेतले होते. शक्ति १३५. १९८९ सालीं तें ३.९ लिटरचें झालें आणि १९९४ च्या दुसऱ्या पिढींत ४.६ लिटरचें, शक्ति सुमारें २२५. या अखेरच्या अवताराच्या वेळीं मुख्य दांड्याचीं बेअरिंगें बाजूनेंही बोल्ट घालून आवळावीं लागलीं. चोवीस वर्षें लागलीं आणि हाडें बळकट करावीं लागलीं. (ही कंपनी २००८ पासून टाटांच्या मालकीची आहे, हें येथें उगाच नमूद करतों.)

इतकें वाचून झाल्यावर आम्ही पाटी घेतली. पुतण्याची तक्रार घाटाची होती, तेव्हां घाटास किती शक्ति लागते हाच पहिला प्रश्न. अश्वशक्तीचें माप मूळ जेम्स वॅटचें. आतां गाड्यांच्या कागदांत जी मेट्रिक अश्वशक्ति असते ती म्हणजे पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलण्याचें सामर्थ्य. वाईहून पांचगणी सुमारें सहाशें मीटर उंच आहे आणि रस्ता सुमारें बारा किलोमीटरांचा. गाडी व आंतील माणसें मिळून अडीच हजार किलो धरूं. म्हणजे उचलण्याचें काम पंधरा लाख किलोमीटर... नव्हे, किलोग्रॅम-मीटर, शाळेंतील पोरें येथें हमखास घसरत. वळणें सांभाळून घाट पंचवीस मिनिटांत चढला, तर सेकंद झाले दीड हजार. दर सेकंदास हजार किलोग्रॅम-मीटर. त्यास पंचाहत्तरांनीं भागलें तर उत्तर येतें सव्वातेरांहून किंचित् अधिक अश्वशक्ति. चाकांचें घर्षण व वारा यांचे आणखी चार-पांच धरा. वीसही होत नाहींत!

हें उत्तर आम्ही तीनदां तपासलें. दोनशें चाळीस अश्वशक्तीची गाडी वीस अश्वशक्तीच्या कामास धापा टाकीत असेल, तर तिला तीनशें अश्वशक्तीची करून काय साधणार? सावकाराच्या घरीं तिजोरी भरलेली असतां वाण्याचे वीस रुपये देणें होत नसेल, तर किल्ली हरवलेली असली पाहिजे; तिजोरी मोठी करून घेण्याचें कारण नाहीं.

पुतण्यानें यावर चांगला आक्षेप घेतला. तो म्हणाला, "काका, चढण ही एक गोष्ट झाली. पण ट्रकला मागें टाकतांना लागतो तो जोर वेगळा." आक्षेप योग्य होता, म्हणून त्याचाही हिशेब केला. ताशीं साठ किलोमीटरांवरून शंभरांवर येण्यास अडीच हजार किलोंच्या गाडीस जी शक्ति खर्चावी लागते, ती चाकांवर सरासरी दीडशें अश्वशक्ति पोंचत असल्यास साडेपांच सेकंदांच्या थोड्या वर मिळते. शेंकडा पंचवीस वाढ झाली तर साडेचार सेकंदांत. वाऱ्याचा विरोध सोडून दिला आहे, परंतु त्यानें फरक फारसा बदलत नाहीं. म्हणजे लाभ सुमारें एका सेकंदाचा. त्या वेगांत एका सेकंदांत गाडी बावीस मीटर जाते. समोरून वाहन येत असतां बावीस मीटर ही कांहीं क्षुल्लक गोष्ट नाहीं, हें आम्ही कबूल केलें. मात्र तो एक सेकंद हाताशीं आहे या भरंवशावर माणूस पूर्वी ज्या ट्रकच्या मागें थांबला असता त्याच्या पुढें जाऊं पाहील, ही भीति कोणत्याही पाटीवर मांडतां येत नाहीं. ती आमच्या भावजयींनीं मांडली. त्या म्हणाल्या, "मला मागच्या बाजूस बसून एवढेंच कळतं, कीं ह्याचे बाबा थांबायचे."

आतां खंबाटकीच्या घाटांतला प्रसंग सांगितला पाहिजे, कारण सर्व प्रकरणाचें मूळ तेथें होतें. भावजयींना पुण्यास नेत असतां चढावर गाडीच्या समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागला, आणि पायडल कितीही दाबलें तरी गाडी चाळीसांच्या वर जाईना. मागें ट्रकांची रांग, भोंग्यांचा कल्लोळ, आंत आजारी माणूस. कशीबशी गाडी वर चढविली, बंद करून पुन्हां सुरूं केली, तेव्हां पूर्ववत् झाली. पुतण्यानें याचा अर्थ गाडीची शक्ति सरली असा घेतला होता. वस्तुतः असल्या गाड्यांचा संगणक कोणतेंही माप अपेक्षेपेक्षां वेगळें आलें कीं एंजिनाच्या रक्षणासाठीं शक्ति आपण होऊन आंवरून घेतो. कांसव पाय आंत घेतें तसें. कांसवास भीति कशाची वाटली, हें शोधावयाचें होतें.

वाईंतील एक मिस्त्री आमचा जुना विद्यार्थी आहे. शाळेंत गणितांत त्याची गति बेताची होती. परंतु एंजिनाच्या आवाजावरून रोग सांगण्यांत तो पुण्याच्या चकचकीत दुकानांतील लोकांस मागें सारील. त्यानें गाडी एक दिवस ठेवून घेतली. संगणकास जोडण्याचें यंत्र त्याच्यापाशीं होतें. त्यांत भात्याचा दाब मागितला त्याहून कमी मिळत असल्याची नोंद निघाली. मग त्यानें हवेच्या वाटेंत कमी दाबानें धूर सोडला. दोन मिनिटांत टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या जाळीकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या अंगास धुराची बारीक रेघ दिसूं लागली. नळी उष्णतेनें कडक होऊन तिला बोटभर चीर पडली होती, आणि चढावर दाब वाढला म्हणजे ती उघडत असे. "गुरुजी," तो म्हणाला, "हिच्या अंगांत जोर आहे. हिचा श्वास गळतोय." पुढें त्यानें हवेच्या वाटेंत सांठलेली काजळी दाखविली, चहाच्या चमच्यानें खरवडून काढावी इतका जाड थर. इंजेक्टरांपैकीं एक इतरांपेक्षां अधिक तेल परत सोडीत होता. हवेचें फिल्टर तर आमच्या जुन्या फळ्याच्या डस्टरासारखें दिसत होतें.

येथें आम्ही त्यास एकच प्रश्न विचारला. ही चीर न शोधतां पुण्यास जाऊन रीमॅप केलें असतें तर? त्याचें उत्तर असें: नव्या कोष्टकानें भात्याकडे आणखी दाब मागितला असता, नळी फुटकी असल्यानें तो मिळाला नसता, तो मिळविण्यासाठीं टर्बो आपल्या मर्यादेबाहेर फिरला असता, आणि तेल मात्र वाढलेलें असल्यामुळें धुराची उष्णता चढली असती. तीन-चार महिने गाडी पळाली असती, मग टर्बो. या गाडीच्या नव्या टर्बोची किंमत त्यानें सांगितली ती लाखांत होती. रसायन देण्यापूर्वीं शरीराचें शोधन करावें हा वैद्यकांतला दंडक आमच्या मनांत त्या वेळीं आला, आणि हा आपला विद्यार्थी पाठांतराशिवाय तेथवर पोंचला याचें कौतुक वाटलें.

नळी, काजळी काढणें, फिल्टर, इंजेक्टराची दुरुस्ती व मजुरी मिळून एकतीस हजार झाले. दुसऱ्या रविवारीं पुतण्या पसरणीच्या घाटानें पांचगणीस जाऊन आला. घरांत शिरतांना त्यानें कांहीं सांगितलें नाहीं. किल्ली नेहमींच्या खुंटीवर न अडकवितां बराच वेळ हातांत फिरवीत ओटीवर बसला होता. मग म्हणाला, "दुसऱ्या गिअरात बाबांच्या वेळचा तो आवाज आला."

इतकें झाल्यावरही शक्ति वाढविण्याचा प्रश्न संपला, असें आम्ही मानीत नाहीं. जी गाडी निरोगी आहे, जिचा पहिल्यापासूनचा दुरुस्तीचा हिशेब हाताशीं आहे, जिची गिअरपेटी वाढलेलें बळ सोसण्याजोगी आहे, आणि जिच्याकडून मागें जोडगाडी ओढण्यासारखें जड काम घ्यावयाचें आहे, तिच्या मालकानें रीमॅप करून घेतल्यास आम्ही त्यास वेडा म्हणणार नाहीं. त्यानें शक्तिमापक यंत्रावर आधींचें व नंतरचें माप घ्यावें, मूळ कोष्टकाची प्रत आपल्यापाशीं ठेवावी, आणि मागितली तेवढी सगळी वाढ न घेतां निम्मी घ्यावी. आमच्या पुतण्यानें फोनवरून विचारलें तेव्हां पुण्याच्या त्या गृहस्थानेंही प्रामाणिकपणें सांगितलें कीं दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीच्या टर्बोची हमी आपण लिहून देत नाहीं. हें वाक्य दरपत्रकावर छापलें असतें तर आमचा महिना वांचला असता. कांहीं दुकानें शक्तीच्या नांवाखालीं धूर शुद्ध करणारी यंत्रणाच काढून टाकतात. त्यास मात्र आमचा साफ विरोध आहे. तो धूर शेजाऱ्यांच्या अंगणांत जातो.

कायद्याची बाजूही घरांतील मोठ्यांनीं पाहून ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं जुळेनासा होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. विमा कंपनीस न कळवितां एंजिनांत केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्याच्या आड येऊं शकतो. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. आमच्या गाडीचीं तीं २०२७ सालीं भरतात. त्यानंतर तपासणी होऊन पांच-पांच वर्षांनीं नूतनीकरण. पुतण्यास ती गाडी पुढेंही ठेवावयाची आहे, आणि तपासणीच्या दिवशीं धुराचें माप घेणाऱ्यास तिच्या वाढलेल्या जोराचें कौतुक असणार नाहीं.

खर्चाविषयीं एक गोष्ट या गाड्या जुन्या घेणाऱ्यांच्या लक्षांत क्वचितच येते. बारा वर्षांत गाडीची किंमत पंचमांशावर, कधीं त्याहूनही खालीं येते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र नव्या गाडीच्या मानानेंच राहते. दारीं हत्ती झुलवावयाचा तर तो कितीला मिळाला यापेक्षां रोज किती खातो हें आधीं विचारावें. म्हणून अशा गाडीसाठीं बाजूला काढलेला पैसा जेथें झीज आहे तेथें प्रथम जावा, असें आमचें मत झालें. आम्ही पुतण्याच्या पासष्ट हजारांपैकीं उरलेल्या चौतीस हजारांची विल्हेवाट लावण्यास त्याच्याबरोबर बसलों.

त्यांत पहिला क्रम ब्रेकचा लागला, आणि त्याचें कारण तीच पाटी होती. पांचगणीहून उतरतांना तेच पंधरा लाख किलोग्रॅम-मीटर परत फेडावे लागतात. एंजिनाचा आधार न घेतां ते सगळे ब्रेकांनींच झेलले, तर तेवढ्या उष्णतेनें चाळीसांहून अधिक लिटर थंड पाणी उकळेल. एका मोठ्या पंक्तीच्या आंघोळीचें पाणी तापेल म्हणाना. चढतांना शक्ति थोडी कमी पडली तर मागचे लोक भोंगे वाजवितात. उतरतांना ब्रेक कमी पडला तर काय होतें तें घाटांतल्या कठड्यांस ठाऊक आहे. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें आणि ओलावलेलें तेल तापल्यावर त्यांत वाफ होऊन पायडल पोकळ लागतें. म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावें. आमच्या गाडीचें पांच वर्षांत बदललें नव्हतें. टायरांच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढले दोन साल. आमच्या पुतण्यास ते वाचतां येत होते, पण कोणी वाचले नव्हते. २०१७ सालच्या सदतिसाव्या आठवड्याचे निघाले. नक्षी बरीच शिल्लक होती, रबर मात्र कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या.

गिअरपेटीच्या तेलाविषयीं मतभेद झाला. गाडीच्या पुस्तकांत तें जन्मभर पुरणारें म्हटलें आहे, आणि पुतण्या पुस्तकास प्रमाण मानीत होता. परंतु अशा गिअरपेट्या बनविणारी जर्मनीची झेडएफ कंपनीच ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरांच्या दरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. सूत्र व भाष्य यांत विरोध आला म्हणजे सूत्रकाराचा अभिप्राय शोधावा लागतो. येथें सूत्रकार गिअरपेटी घडविणारा. तेल बदलण्याचें ठरलें.

सध्यां ब्रेकचें तेल व पुढचे पॅड बदलून झाले आहेत. दोन टायर आले, दोन पुढील महिन्यांत येतील, कारण चारही एकदम घेण्याइतकी शिल्लक उरली नाहीं. गिअरपेटीचें तेल दिवाळीनंतर. पुण्याचें दरपत्रक पुतण्यानें फाडून टाकलें नाहीं. गाडीच्या कागदांच्या पिशवींत, बंधूंच्या हस्ताक्षरांतील डिझेलच्या जुन्या नोंदवहीशेजारीं, घडी करून ठेविलें आहे. त्या वहींत तो आतां पुढल्या नोंदी करतो. गेल्या पंधरवड्याची नोंद आम्ही पाहिली: वाई ते पुणें व परत, लिटरला साडेदहा किलोमीटर, आई मागें झोपली होती.